ट्रॅप कॅमेरा घेतला, देवचार काय गावला नाही (पण कॅमेरा चांगला आहे)

ऑनलाइन मिळतो तो स्वस्तातला ट्रॅप कॅमेरा (झाडाला बांधून ठेवायचा, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढतो), ब्रँडचं नाव कुणी ऐकलेलं नसणार असला, पाच हजारांच्या आत आला. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात आमची काजूची बाग आहे, मागं ओढा, पलीकडं जंगल, तिथं आंब्याला बांधलाय. घेतला गव्यांसाठी, पण काम दुसरंच निघालं, कारण पाऊस संपल्यावर गावात एकच विषय चाललेला की ओढ्याकडं काहीतरी फिरतंय, अंगावर केस नाहीत, तोंड कुत्र्याचं, शेपूट उंदराची आणि मागचे पाय माणसागत लांब. म्हातारी माणसं म्हणाली देवचार, म्हणजे रात्री फिरणारं भूत, पोरं म्हणाली बेळगावातला बिबट्या इकडं आलाय, तोच २०२२ च्या ऑगस्टात गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरून शाळा बंद पाडणारा, हत्ती आणले तरी हाताला न लागलेला. आता बिबट्याला केस नाहीत हे कुणी ऐकलंय का, पण असो.

आधी मशीनचं सांगतो. सेन्सर उष्णतेतला बदल पकडतो, म्हणून भर दुपारी तापलेलं गवत हललं तरी फोटो मारतो आणि कार्ड नुसत्या गवतानं भरतं. समोरचं गवत कापा, कॅमेरा उत्तरेकडं तोंड करून लावा, निम्मा त्रास जातो. रात्रीच्या इन्फ्रारेडमध्ये दोन जाती असतात, ८५० नॅनोमीटरवाला लांबचं दाखवतो पण त्याचे एलईडी अंधारात बारीक लाल दिसतात, ९४० वाला दिसत नाही पण फोटो जवळचाच येतो. मी ८५० वाला घेतला आणि आठवड्याभरात गावात नवीन बातमी, आंब्यावर लाल डोळे दिसत्यात म्हणून! कॅमेराच भूत झाला, काय बोलायचं.

रात्रीच्या फोटोत रंग नसतो, सगळं काळंपांढरं, पळणाऱ्या जनावराचे पाय पुसट येतात आणि लेन्सजवळ आलेलं काहीही अवाढव्य दिसतं. एक उदमांजर असं जवळ आलं की पुतण्यानं फोटो वॉट्सॲपवर "वाघ" म्हणून टाकला पण, मी उठायच्या आधी. त्यावर उपाय सोपा आहे, जनावर जातं त्या वाटेवर फूट-फूट अंतरावर चुन्याचे पट्टे मारलेली काठी रोवा. काठी रोवल्यावर आमच्याकडचे वाघ फटाफट लहान झाले. उलटी गंमत पण आहे, काळ्या बिबट्याचे ठिपके डोळ्याला सहज दिसत नाहीत ते इन्फ्रारेडमध्ये उमटतात, मलेशियात तर संशोधकांनी याच युक्तीनं एकेक काळा बिबट्या वेगळा ओळखला.

आणि तो देवचार? तो आला की, एकदा नाही, बऱ्याचदा. कोल्हा. खरूज लागलेला. ही खरूज बारीक किड्यांमुळं होते, ते कातडीत बिळं करतात, मग केस झडतात, कातडी जाड आणि राखाडी होते, झुपकेदार शेपटीची दोरी होते, केस गेल्यामुळं कान मोठे आणि पाय लांब दिसायला लागतात, आणि आजारी असल्यामुळं बिचारा उजेडात पण फिरतो, म्हणून लोकांना दिसतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये २००७ साली असंच एक बिनकेसाचं जनावर सापडलेलं, लोक म्हणाले रक्त पिणारा चुपाकाब्रा, डीएनए केला तर निघाला कायोट, म्हणजे आमच्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंदच. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात एका शिकाऱ्याच्या असल्याच कॅमेऱ्यात "बिगफूट" (तिकडच्या गोष्टींतला केसाळ रानमाणूस) आला, तिथल्या वन्यजीव खात्यानं सांगितलं खरूज लागलेलं अस्वल आहे, आणि त्याच कॅमेऱ्यात थोडं आधी अस्वलाची पिल्लं पण आलेली! "बिगफूट"चा फोटो तेवढा जगभर फिरला.

ठशांचं पण तेच. अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की दोन्ही मिळून एक लांबलचक पाऊल दिसतं. आमच्याकडं खानापूर तालुक्यात अस्वलं आहेत, ओढ्याच्या चिखलात असलं पाऊल बघून रात्री तिकडं जायचं सोडलेली माणसं मला माहिती आहेत (सोडलं ते बरंच केलं, अस्वल देवचारापेक्षा वाईट). नुसते गावातलेच फसतात असं नाही, आपल्या लष्करानं २०१९ मध्ये नेपाळमधल्या मकालू बेस कॅम्पजवळचे ३२ बाय १५ इंचाचे ठसे यतीचे, म्हणजे हिममानवाचे, म्हणून ट्विट केलेले. त्याच्या दोन वर्षं आधीच यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांचा डीएनए तपासून झालेला, आठ अस्वलं आणि एक कुत्रं.

फोटो प्रिंट काढून शेजारच्या तात्यांना दाखवला, सगळ्यात आधी त्यांनीच बघितलेलं ना.

"तात्या, हा बघा तुमचा देवचार."

चष्मा लावून नीट बघितला त्यांनी. "कोल्हा हाय की हा. मी बघितला तो येगळा."

आता याला कॅमेरा काय करणार, मेगापिक्सेल वाढवून पण उपयोग नाही.

रेटिंग चार स्टार. एक कापला तो ॲपसाठी, मराठी सोडा इंग्रजी पण धड नाही, आणि वायफाय जोडायला झाडाखालीच उभं राहावं लागतं. सेल साधे घालू नका, लगेच उतरतात, लिथियमचे घाला. पट्टा बदलून साखळी लावा, माकडं ओढतात. आणि लावायचा तो आपल्याच जमिनीत, भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय लावायला गेलात तर फॉरेस्टवाले तुमचाच फोटो काढतील.