दिवा फिरतो की आरसा? जुन्या बीकनची ओळख आणि दुरुस्ती

बीकन म्हणजे पोलिसांच्या गाड्यांच्या, रुग्णवाहिकांच्या टपावरचा फिरत्या झोताचा दिवा. अमेरिकेतल्या फेडरल कंपनीचा 'बीकन रे' 1948 मध्ये आला. यात बल्बच मोटरवर फिरतात. जर्मन हेलाच्या केएल 7000 मध्ये मात्र बल्ब स्थिर असतो आणि त्याभोवती आरसा फिरतो. डोम, म्हणजे वरचं घुमटासारखं झाकण, काढताच फरक कळतो.

दुरुस्तीला हेला सोपा. हॅलोजन बल्ब बदला, तेवढं बल्बच्या काचेला बोट लावू नका, आरसा मऊ फडक्याने पुसा, झालं. बीकन रेमध्ये फिरत्या बल्बना वीज कार्बन ब्रशमधून मिळते, म्हणजे धातूच्या कडीवर घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यातून. ब्रश झिजला किंवा कडीवर काळा थर चढला की दिवा लुकलुकतो; लोक उगाच बल्ब बदलत बसतात. आधी कडी बारीक पॉलिश पेपरने साफ करा, गिअरमधलं घट्ट झालेलं जुनं ग्रीस पूर्ण काढा. वीज जोडण्याआधी तळाची व्होल्टेज लिहिलेली पट्टी वाचाच: जुने नग 6 व्होल्टचेही असतात, 12 वर बल्ब लगेच उडतो.

प्लास्टिकच्या डोमला थिनर कधीच लावू नका, तडे जातात. काचेचा मूळ डोम मिळाला तर जिवापाड जपा.

पहिलाच नग असेल तर हेला घ्या. माझा जीव मात्र बीकन रेवरच, कारण त्याचे झोत अंधाऱ्या भिंतीवरून खरोखर धावतात.