‘लाइफटाइम’ बिलिंग सॉफ्टवेअर घेणाऱ्या दुकानदारांनो, आधी हे वाचा

आमचं मेडिकल स्टोअर आहे. बिलिंग सॉफ्टवेअरच्या पावतीवर ‘लाइफटाइम लायसन्स’ असं स्पष्ट छापलंय. ऐन मार्चएंडला सॉफ्टवेअर उघडलं, तर स्क्रीनवर पाटी: ही आवृत्ती बंद झाली आहे, क्लाउडवर या, दरवर्षी वर्गणी भरा. खाली ‘ओके’शिवाय दुसरं बटण नाही. नवीन बिल निघेना, जुनी दिसेनात. फोन केला तर म्हणे, “सर, लाइफटाइम म्हणजे त्या व्हर्जनचं लाइफटाइम.”

बॅकअप आमच्याकडे होता, रोज पेनड्राइव्हवर घ्यायचो. पण ती फाइल उघडते त्याच सॉफ्टवेअरमध्ये! एक्सेलमध्ये डेटा मागितला, तर आधी वर्गणी भरा, मग बघू. कुठला बॅच कधी एक्स्पायर होतो, कोणाकडे किती उधारी, सगळं त्यात अडकलेलं. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे, शेड्युल एच-1चं, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक्स, झोपेच्या गोळ्या वगैरेंच्या विक्रीचं रजिस्टर 3 वर्षं. जीएसटी अधिकारी असो की ड्रग इन्स्पेक्टर, विचारणार आम्हाला, सॉफ्टवेअर कंपनीला नाही. शेवटी पैसे भरले. ही सरळसरळ अडवणूक आहे.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. जुलै 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर रशियन भागीदारी असलेल्या नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. लायसन्सचे पैसे भरलेले असूनही! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा सुरू झाल्या. गल्लीतल्या दुकानदाराने कुठे जायचं?

म्हणून डेमोच्या वेळीच सांगा, सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दाखवा. स्टॉकचा पीडीएफ दाखवून वेळ मारून नेतील, ऐकू नका. बॅच, एक्स्पायरी, पार्टीची बाकी, सगळं यायला हवं. ती फाइल दर महिन्याला काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का तेही बघा. ‘लाइफटाइम’ म्हणजे नेमकं काय, ते पावतीवर लिहून घ्या. सपोर्टवाले एनीडेस्कचा (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) कायमचा पासवर्ड लावून ठेवायला सांगतात, तो अजिबात लावू देऊ नका. तो ज्याच्या हाती पडेल, त्याच्यासाठी तुमचं दुकान रात्रीही उघडं.

दुकान स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल, तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्हीही ग्राहक ठरू शकता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. मी तक्रार केली आहे, पावती आणि स्क्रीनचा फोटो जोडून. फोटो पैसे भरण्याआधीच काढा. नंतर ती पाटी दिसत नाही.