सेटवर ऐकू येतंय म्हणून पैसे देऊ नका

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात पडलं की पहिला प्रश्न: टू मीटरच्या पट्ट्यावरचा हँडी (जवळपास बोलायचा, हातात मावणारा सेट) घ्यायचा की थेट एचएफ (लांबवर पोचणारा सेट)? जुने सेट विकणाऱ्या एका माणसाने माझी घालमेल बरोबर हेरली. “१४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर काय, दादर-ठाण्याच्या गप्पा! ४० मीटर घ्या साहेब, देशभरचं ऐकू येईल.” तसं खोटं नव्हतंच. तो बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून तर माल खपला.

ग्रँट रोडला एका माडीवर, खिडकीतून सोडलेल्या वायरीवर त्याने १०० वॅटचा सेट लावला. ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच ४० मीटरच्या पट्ट्यावर, आवाज खणखणीत. ट्रान्समिट करून दाखवा म्हटलं, तर म्हणे, “नुसती वायर आहे, एसडब्ल्यूआर वाढून फायनल उडतील.” (एसडब्ल्यूआर म्हणजे न जुळणाऱ्या अँटेनाकडून किती पॉवर सेटकडे परत येते त्याचं माप; फायनल म्हणजे बाहेर जाणारी पॉवर देणारे शेवटचे ट्रान्झिस्टर.) हेही खरं! पण ऐकण्याचा मार्ग वेगळा आणि फायनल ट्रान्झिस्टरचा वेगळा. फायनल मेलेला सेटही झकास ऐकतो. ४५,००० रुपये गेले, बिल नाही.

सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर डायपोल, म्हणजे मधून दोन्हीकडे ताणलेल्या तारेची अँटेना, बांधला, दोन्हीकडे १०-१० मीटर. सीक्यू (‘कुणी ऐकतंय का’ अशी हाक) देऊन घसा बसला. शेवटी ओळखीच्या एका जुन्या हॅमने पॉवर मीटर लावला: जेमतेम ३ वॅट. आत एक फायनल जळालेला, आणि स्क्रूंच्या खाचा आधीच झिजलेल्या. विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: “चालू दाखवून दिला होता. तुमच्या अँटेनाने उडवला.”

त्याची ही पळवाट डमी लोड बंद करतो, म्हणजे अँटेनाच्या जागी लावून सेटची पॉवर उष्णतेत जिरवणारे रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात १ किलोओहमचे, २ वॅटचे २० रेझिस्टर घ्या आणि समांतर जोडा: ५० ओहम, ४० वॅट. वायरवाउंड (तार गुंडाळून केलेले) मात्र नकोत, ती शेवटी कॉइलच. अँटेनाऐवजी हा लोड, मध्ये पॉवर मीटर, सेट १० वॅटवर आणि मोड एफएम किंवा सीडब्ल्यू (मोर्सचा), म्हणजे न बोलताही पॉवर निघते. एसएसबीवर (एचएफवर बोलायच्या नेहमीच्या मोडवर) माणूस गप्प असला तर चांगला सेटही शून्यच दाखवतो, आणि बिघडलेल्या सेटचं शून्यही त्याच्यावर ढकलून गंडवतात. सप्लाय १३.८ व्होल्टचा दमदार हवा, नाहीतर खापर त्याच्यावर.

‘सगळे बँड ओपन केलेत’, म्हणजे सेट ठरलेल्या पट्ट्यांबाहेरही बोलतो, असं कौतुकाने सांगणारेही भेटतील. म्हणजे आत कुणीतरी हात घातलाय. शिवाय ठरलेल्या पट्ट्याबाहेर बोललात तर लायसन्स तुमचं अडचणीत येणार. विकणाऱ्याकडे बहुतेक वेळा ते नसतंच.