भूतबंगला दुरुस्त करून देतो म्हणाला आणि ७,४५,५०० रुपये घेऊन गेला

आधी आकडे लिहिते, म्हणजे ‘गेले असतील थोडेफार’ असं कोणी म्हणायला नको. १८ सप्टेंबर २०२४ ला ३,७६,००० रुपये आरटीजीएसने. ७ ऑक्टोबरला २,३५,००० आरटीजीएसने, त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या. २१ ऑक्टोबरला ८६,५०० रोख, कंप्रेसरसाठी म्हणून. २६ ऑक्टोबरला ४८,००० यूपीआयने, मजुरांची दिवाळी म्हणून. एकूण ७,४५,५००. आमचं ८४ किलो तांबं आणि सात पुतळे यात धरलेले नाहीत.

सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागेला लागून आमचं छोटं पार्क आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, १९९८ मध्ये सुरू केलं. आकाशपाळणा, मुलांची झुकझुक गाडी, चार घसरगुंड्या आणि भूतबंगला. चिखलदऱ्याला जाणारे लोक थांबतात, आणि बहिरमच्या यात्रेत डिसेंबर-जानेवारीचा महिनाभर खरा धंदा होतो. लोक यायचे ते भूतबंगल्यासाठीच. दोन माणसांची गाडी अंधारात एका रुळावरून वळणं घेत जायची. रुळाच्या मध्ये तांब्याची पट्टी, तिच्यात ४८ व्होल्टचा करंट, गाडीखालचा कार्बनचा तुकडा तिला घासत चालायचा आणि मोटर फिरायची. चाकाखाली खटका दाबला गेला की दोरी ओढली जायची आणि सापळा अंगावर यायचा. पुतळे आमच्या गावच्या गणपतीवाल्या मूर्तिकाराने कागदाचा लगदा आणि गोणपाटाचे केले होते. हडळीचे केस अंबाडीच्या वाखाचे, काळे रंगवलेले. २०१९ च्या पावसाळ्यात पाणी शिरलं, मोटर जळली, मागून कोरोना आला. भूतबंगला बंद पडला तो पडलाच. मामाजी आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांना तो एकदा चालू झालेला पाहायचा होता.

मी अडाणी नाही. बी.कॉम. झाले आहे, बारा वर्षांपासून पार्कचा हिशेब माझ्याकडे आहे, आकाशपाळण्याचं बेअरिंग कुठलं लागतं हेसुद्धा मला ठाऊक आहे. पण भूतबंगला दुरुस्त करणारा माणूस आमच्या भागात शोधून दाखवा. मूर्तिकार वारले. यात्रेतले पाळणेवाले म्हणतात, पाडून टाका, मुलांना उड्या मारायला हवेचा जंपिंग फुगा लावा. अशा वेळी ओळखीच्या ओळखीतून नागपूरचा एक माणूस आला. पस्तिशीतला, गळ्यात ओळखपत्र, हातात लेझरचं मोजमापाचं यंत्र. आतमध्ये शिरला आणि पाच मिनिटांत सांगितलं की मोटर कुठली आहे, खटके कुठे कुठे आहेत, कुठल्या वळणावर गाडी अडते. अमेरिकेत १९२० च्या दशकात एका रुळाच्या या राईड कशा निघाल्या, वळणावळणाच्या प्रेट्झेल बिस्किटावरून त्या कंपनीचं नाव कसं पडलं, तेही सांगितलं. मी नंतर शोधून पाहिलं, ते सगळं खरं निघालं. म्हणूनच मी फसले. त्याला काम येत होतं, करायचं नव्हतं.

कोटेशन ९,४०,००० चं. ४० टक्के ॲडव्हान्स, २५ टक्के मोटर आणि पॅनेल आलं की, उरलेले चाचणी झाल्यावर. कागदावर सगळं नीट होतं. दोरीऐवजी हवेच्या दाबाचे सिलिंडर, चाकाखालच्या खटक्याऐवजी लिमिट स्विच, पुतळ्यांवर अंधारात चमकणारा रंग आणि वर अल्ट्राव्हायोलेट ट्यूब. यात्रेच्या आधी चालू करून देतो म्हणाला.

कोटेशनच्या खाली जीएसटी नंबर होता. पत्ता नागपूरचा आणि नंबर २४ ने सुरू. महाराष्ट्राचे नंबर २७ ने सुरू होतात, २४ गुजरातचा. मी दर महिन्याला जीएसटी भरते, हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. तरी पाहिलं नाही. पोर्टलवर नंबर टाकायला अर्धा मिनिट लागतो. दिवाळीनंतर टाकला तेव्हा तो दुसऱ्याच माणसाचा आणि रद्द झालेला निघाला. तुम्ही पैसे देण्याआधी टाका. आणि खात्याचं नाव पाहा. माझे ३,७६,००० गेले ते कंपनीच्या खात्यात गेलेच नाहीत, एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेले. ‘करंट खात्याचं केवायसी अडकलं आहे ताई, तोवर यात टाका,’ असं तो म्हणाला होता.

आता जे आठवलं की आजही जीव जळतो ते सांगते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, तांब्याची पट्टी घासून गेली आहे, ठिणग्या उडतात, बदलावी लागेल. जुनी काढून मी नेतो, नवी माझ्याकडून, हिशेबात वळती करू. पट्टी घासलेली होती हे खरं आहे. २५ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड, तीन मीटरचे २१ तुकडे, मामाजींच्या जुन्या बिलावर वजन लिहिलं आहे, ८४ किलो. म्हणजे एक तुकडा चार किलोचा. नव्या पट्ट्या आल्या त्या दिवशी मी मजुरांना चहा घेऊन गेले होते. टेम्पोतून एक पोरगा उतरला. उजव्या हातात चार पट्ट्या, डाव्या हातात मोबाईल, आणि तो फोनवर हसत बोलत चालत आला. चार पट्ट्या म्हणजे सोळा किलो. सोळा किलो लोंबकळणारं धातू एका हातात धरून कोणी असं हसत चालत नाही. मी हातात ट्रे घेऊन उभी होते आणि पाहत होते.

मी विचारलंही. म्हटलं, ‘भाऊ, हलक्या दिसतात.’ तो म्हणाला, ‘ताई, नवीन तांबं शुद्ध असते. जुन्यात भेसळ राहते, म्हणून ते जड वाटते.’ आणि मी मान डोलावली. मान डोलावली आणि कप गोळा केले. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं हे शाळेत शिकलेली मी. स्वयंपाकघरातला चाकू आणून एक ओरखडा काढला असता तर खालून पांढरं दिसलं असतं. तो ओरखडा मी डिसेंबरमध्ये काढला. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. आमचं ८४ किलो तांबं भंगारात ६८० रुपये किलोने ५७,१२० रुपयांचं होतं, असं भंगारवाल्यानेच सांगितलं.

जुनं सामान बदलायला देत असाल तर वजन करून द्या, कागदावर सही घ्या. तांबं, मोटर, गिअरबॉक्स, काहीही असो.

पुतळे ‘वर्कशॉपमध्ये रंगवायला’ म्हणून छोट्या हत्ती टेम्पोत भरून गेले. अकरापैकी सात, हडळ त्यात. फोटो यायचे व्हॉट्सॲपवर. तिसऱ्या फोटोत हडळीचे केस चकचकीत नायलॉनचे होते. मी म्हटलं, हे आमचे नाहीत. तो म्हणाला, जुन्याला वाळवी लागली होती. त्या वर्कशॉपचा पत्ता मी मागितला नाही. वर्कशॉप पाहिल्याशिवाय कुणाला काही देऊ नका, मग ते कितीही लांब असो.

२६ ऑक्टोबरला मजुरांच्या दिवाळीचे ४८,००० घेतले, मामाजींच्या पाया पडला, आणि गेला. धनत्रयोदशीपर्यंत फोन लागत होता. भाऊबीजेपासून बंद.

डिसेंबरमध्ये आमच्या गावच्या वायरमन भाऊने पॅनेल उघडलं. बाहेरून हिरवे-लाल दिवे, आत एक ट्रान्सफॉर्मर आणि त्या दिव्यांचं वायरिंग, बाकी रिकामा डबा. अर्थिंगची वायर कापून आत दुमडून ठेवलेली. उरलेल्या चार पुतळ्यांपैकी एकाच्या मागे ट्यूबची लोखंडी पट्टी होती, तिला त्याने टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. २३० व्होल्ट, जिथे गाडीतल्या पोराचा हात सहज पोहोचतो तिथे. पैशाचं सोडा. चाचणी न करता यात्रेत चालू केलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मी कितीतरी रात्री झोपले नाही.

आता तक्रारीचं ऐका. तालुक्याच्या पोलीस स्टेशनला पहिल्यांदा गेले तर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा हवालदार म्हणाले, ‘बाई, काम थोडंफार तर केलं ना त्यानं? मग हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ रिकामा डबा लावणं म्हणजे काम? तिसऱ्यांदा ह्यांना सोबत नेलं, तर माझ्याशी न बोलता सगळे प्रश्न ह्यांना. ह्यांना काय माहीत, व्यवहार मी केला! मग म्हणाले, माणूस नागपूरचा आहे, नागपूरला जा. नागपूरला गेले, तर तिथे म्हणाले घटना तुमच्याकडे घडली, तिकडेच जा. गुन्हा कुठेही घडला असो, पोलिसांनी माहिती नोंदवून घ्यायची असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. हे मी वकिलाकडून ऐकून तिथे बोलले, तर साहेब म्हणाले, ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’ अर्ज ठेवून जा म्हणाले आणि पोच द्यायला तयार नाहीत. दुसरी प्रत घेऊन मी संध्याकाळी सहापर्यंत बाकावर बसून राहिले, तेव्हा शिक्का मिळाला.

सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला होता, पैसे तुम्ही स्वतःहून दिले, हे सायबरमध्ये बसत नाही. बँक म्हणाली, आरटीजीएस एकदा जमा झाला की समोरच्याच्या संमतीशिवाय परत येत नाही. ग्राहक आयोगाबद्दल विचारलं तर एक जण म्हणाले, तुमचं व्यावसायिक काम, तुम्ही ग्राहकच नाही. वकील म्हणतात, स्वतःच्या पोटापाण्यासाठीचा धंदा असेल तर २०१९ च्या कायद्यात सवलत आहे, लढता येईल. सगळ्यांकडे आपण का नाही याचं उत्तर तयार होतं. एकाने तरी त्या बचत खात्यात आज किती रुपये आहेत एवढं पाहावं की नाही? खातं आहे, नंबर आहे, नाव आहे. माणूस हवेत विरघळला नाही.

पोलीस स्टेशनला नोंद झाली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आम्ही आता तिथे आहोत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली, म्हणजे जुनं ४२०. ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र माझ्यासारखे महिना घालवू नका, पहिल्या तासातच १९३० ला फोन लावा.

लोक म्हणतात, एवढे पैसे देईपर्यंत तुला कळलं कसं नाही. दर वेळी थोडं काम दिसायचं. एक भिंत रंगवली, एक वळण सरळ केलं, एक दिवा चमकला. समोर काम दिसत असताना पैसे अडवायचे कसे, हे कोणी शिकवलं नव्हतं मला. आता शिकले. टक्केवारीवर पैसे देऊ नका. चालत्या वस्तूवर द्या. गाडी एक फेरी मारून बाहेर आली की एक हप्ता, त्याच्या आधी दमडी नाही.

आणि एक विनंती. कुठल्याही यात्रेत, जत्रेत, हॉटेलच्या दारात, कुठल्या मॉलच्या सजावटीत एक हडळ दिसली, साडेचार फुटी, डावा कान अर्धा तुटलेला, उजव्या पायाच्या तळव्याला गोणपाट उघडं पडलेलं, तर आधी केसांना हात लावून पाहा. अंबाडीचा वाख बोटांना खरखरीत लागतो आणि पाणी लागलं की त्याचा ओला वास येतो. तसे केस असतील तर ती आमची आहे. तिथल्या मालकाने ती कोणाकडून घेतली एवढं विचारा आणि फोटो काढून ठेवा. मामाजी रोज विचारतात.