अप्रत्यक्ष तुलना तपासायची कशी: बुचर, नोड-स्प्लिटिंग की समग्र कसोटी?

अ आणि ब ही औषधं समोरासमोर तपासलेली नसतील, पण दोन्हींची तुलना क शी झाली असेल, तर अ-क मधून ब-क वजा करून उत्तर काढता येतं. पण ही वजाबाकी एका गृहीतकावर उभी असते: दोन्हीकडचे रुग्ण इतके सारखे हवेत की कोणालाही कुठल्याही ट्रायलमध्ये घेता आलं असतं. यालाच ट्रान्झिटिव्हिटी म्हणतात. अ-क चे ट्रायल सौम्य आजाराचे, ब-क चे तीव्र आजाराचे आणि औषधाचा गुण तीव्रतेनुसार बदलणारा, असं असेल तर उत्तर फसतं. म्हणून आधी प्रत्येक तुलनेसमोर वय, तीव्रता, डोस, कालावधी यांचा तक्ता मांडा. काम कंटाळवाणं आहे, पण सगळी औषधं फक्त प्लासिबोशीच जोडलेली असतील, तर तुमच्या हाती एवढंच असतं. बंद साखळी (जसं अ-क, ब-क आणि थेट अ-ब असे तिन्ही ट्रायल मिळून होणारा त्रिकोण) नसेल तिथे पुढची एकही कसोटी चालत नाही.

त्रिकोण एकच आणि ट्रायल दोन गटांचे असतील, तर बुचर यांची १९९७ ची रीत पुरे. थेट (समोरासमोरच्या ट्रायलमधून आलेल्या) आणि अप्रत्यक्ष (वजाबाकीतून आलेल्या) उत्तरांतला फरक कागदावरही काढता येतो. तीन गटांचा ट्रायल आला की ती अडखळते, कारण असा ट्रायल स्वतःशी विसंगत असूच शकत नाही.

तुलनांचं जाळं मोठं असेल तर नोड-स्प्लिटिंग (२०१०) एकेका तुलनेचं थेट आणि अप्रत्यक्ष उत्तर वेगळं काढून बिघाड (दोन्हींतली विसंगती) नेमका कुठे आहे ते दाखवतं. मात्र वीस तुलना तपासल्या की निव्वळ योगायोगाने एखादी ‘लक्षणीय’ ठरू शकते. समग्र कसोटी, म्हणजे हिगिन्स आणि सहकाऱ्यांचं २०१२ चं डिझाइन-बाय-ट्रीटमेंट मॉडेल, तीन गटांचे ट्रायल नीट हाताळतं आणि पूर्ण जाळ्यासाठी एकच उत्तर देतं. बिघाड आहे का ते कळतं, कुठे ते नाही. मी आधी हे लावेन, मग नोड-स्प्लिटिंग. निकाल पाहून कसोटी निवडणं मला अप्रामाणिक वाटतं. क्रम प्रोटोकॉलमध्येच (अभ्यासाच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात) लिहा.

आणि कसोटीची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आली, म्हणजे विसंगती ‘लक्षणीय’ ठरली नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. अप्रत्यक्ष उत्तरात दोन्ही तुलनांचं विचरण (अनिश्चिततेचं माप) बेरजेने येतं, त्यामुळे ते आधीच धूसर असतं. त्यात ट्रायल-ट्रायलमधली तफावत मोठी असेल तर विश्वासांतरं (खरं उत्तर ज्यात असण्याचा अंदाज असतो त्या मर्यादा) इतकी रुंदावतात की खरी विसंगतीही त्यात लपून जाते. म्हणजे सर्वांत विस्कळीत जाळंच सहज उत्तीर्ण होऊ शकतं!

विसंगती सापडलीच, तर आधी आकडे उतरवताना चूक झाली का पाहा. गटांची अदलाबदल, प्रमाण विचलनाच्या जागी प्रमाण त्रुटी. तिथे काही निघालं नाही तर पुन्हा त्या तक्त्याकडे जा. तरीही कारण मिळालं नाही, तर थेट आणि अप्रत्यक्ष उत्तरं वेगवेगळी छापा.