टेलिग्रामवर एक्सेलचा अभ्यासगट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांत हिशेब लिहिणारी पोरं, कर सल्लागारांकडे उमेदवारी करणारे आणि काही बी.कॉम.चे विद्यार्थी असा साठेक जणांचा गट. विषय एक्सेल. होटगी रोडचा माणूस आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतला माणूस एकाच वेळी मोकळे होत नाहीत, म्हणून सगळं फोनवर. टेलिग्राम या कामाला चांगलं चालतं. मात्र नुसता ग्रुप काढून भागत नाही; प्रश्न कसा विचारायचा याची शिस्त लागली की मगच गट शिकायला लागतो.

आधी सेटिंग. 'टॉपिक्स' चालू करून चार कप्पे केले: विचारा, सराव, सुटलेले, गप्पा. पाचवा कप्पा काढू नये, लोक कुठे लिहायचं तेच विसरतात. नव्या सदस्याला जुने मेसेज दिसतील अशी सोय चालू ठेवावी, नाहीतर तोच प्रश्न दर आठवड्याला येतो. 'स्लो मोड' (एकाच माणसाच्या दोन मेसेजमधलं सक्तीचं अंतर) १ तासापर्यंत लावता येतो. १ मिनिट पुरे. "सर", "एक डाउट", "आहे" असे तीन मेसेज त्यानेच बंद होतात. माणूस पूर्ण प्रश्न एकदम लिहितो. प्रायव्हसीत फोन नंबर 'कोणालाच नाही' करायला पहिल्याच दिवशी सांगावं. मुली आणि गृहिणी त्यानंतरच मोकळेपणाने लिहितात.

आता खरा भाग. प्रश्नात चार गोष्टी हव्यातच: काय काढायचंय, कोणता फॉर्म्युला टाकला, काय आलं, आणि ५ ते १० ओळींचा नमुना. नमुन्यातून पार्टीची नावं, मोबाइल आणि जीएसटी क्रमांक बदलून टाकायचे. मॉनिटरचा तिरका फोटो चालत नाही, कारण त्यात मोकळी जागा (स्पेस) दिसत नाही आणि निम्मी भानगड तिथेच असते.

उदाहरणार्थ, जीएसटी क्रमांकावरून पार्टी शोधताना व्ही-लुकअप (यादीतून जुळणारी नोंद शोधणारं फंक्शन) 'सापडत नाही' म्हणतो, डोळ्यांना मात्र दोन्ही क्रमांक सारखेच दिसतात. उत्तर देणाऱ्याने फॉर्म्युला न देता एवढंच विचारायचं: 'लेन' (अक्षरं मोजणारं फंक्शन) किती येतं? क्रमांक १५ अक्षरांचा असतो. १६ आलं की बहुधा शेवटी स्पेस आहे. 'ट्रिम'ने ती जाते. ट्रिम करूनही १६ राहिलं तर ती साधी स्पेस नाही, बहुधा वेबपेजवरून चिकटलेलं १६० क्रमांकाचं अक्षर आहे; ते 'सबस्टिट्यूट'ने काढायचं. अशा एका प्रश्नातून तीन फंक्शन डोक्यात बसतात. तयार फॉर्म्युला दिला तर एकही नाही.

दुसरा नेहमीचा घोळ विजापूर-हैदराबादच्या बिलांचा. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगण. 'लेफ्ट'ने ते काढून २७ शी ताडून पाहिले तर सगळीच बिलं आयजीएसटीत (दुसऱ्या राज्यातल्या व्यवहाराचा कर) जातात. लेफ्टचं उत्तर अंक नसून मजकूर असतो, म्हणून २७ अवतरणचिन्हांत हवा. (कर खरं तर पुरवठ्याच्या ठिकाणावर ठरतो, हेही सोबत सांगावं. नाहीतर पोरं हा फॉर्म्युला म्हणजेच कायदा समजतात.)

इथेच आणखी एक खोड. फोनचा कीबोर्ड बऱ्याचदा सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो आणि एक्सेलला ती कळत नाहीत. म्हणून फॉर्म्युला टेलिग्रामच्या 'मोनोस्पेस' अक्षरांत, सरळ चिन्हं तपासून टाकावा. बोट लावलं की कॉपीही होतो. पूर्ण उत्तर 'स्पॉयलर'खाली झाकावं, ज्याला प्रयत्न करायचाय तो करतो. हे सगळ्यात उपयोगी पडलं.

क्विझची सोय बरी, पण स्पष्टीकरणाला २०० अक्षरंच मिळतात. कारण खाली वेगळ्या मेसेजमध्ये लिहावं लागतं. क्विझ निनावीच ठेवावी. नावं दिसायला लागली की चुकणारे गप्प बसतात.

शहराच्या पूर्व भागातल्या काहींना तेलुगूत बोलणं सोपं जातं. व्हॉइस मेसेज चालतो, पण मिनिटभराचाच आणि खाली मराठीत एक ओळ हवी, कारण आवाज सर्चमध्ये सापडत नाही. हॅशटॅगचंही तसंच. 'व्हीलुकअप' एकच शब्द ठरवा. कोणी 'व्ही' नंतर जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो.

वेळापत्रक कराच्या तारखांकडे बघून आखावं. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) ची ११ तारीख आणि ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) ची २० तारीख, यांच्या आधीचे दोन दिवस लोकांना फक्त उत्तर हवं असतं. तेव्हा शिकवायला जाऊ नये, सरळ उत्तर द्यावं आणि कारण २१ नंतर काढावं. रविवारी गूगल मीट घेतो. तीन किंवा जास्त जण असले की फुकटची बैठक ६० मिनिटांत संपते, म्हणून ४० मिनिटांत दोनच प्रश्न. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कोणी येत नाही, बैठक ठेवूच नये.

एक दुखणं अजून आहे. उत्तरं देणारे तीन-चारच. आठवड्याची पाळी लावली, त्यात प्रश्न सुटलेल्यांनाच बसवलं. ज्याची 'तारीख' गेल्या महिन्यात अडली होती, १३ पासून पुढचे दिवस सेलमध्ये (मजकूर ठरून) डावीकडे का चिकटतात हे त्यानेच नव्याला सांगायचं. संगणकाची सेटिंग महिना-दिवस अशी असते आणि तेरावा महिना नसतो, एवढं त्याला आता पाठ आहे. पाळी चुकवणारे आहेतच. त्या आठवड्यात 'विचारा' कप्पा दोन-दोन दिवस अनुत्तरित राहतो.