आयातखर्चाचा अंदाज काढून देणारी सेवा: दोन खेपांनंतरचा अभिप्राय

काचेच्या दिव्यांच्या दोन खेपा परदेशातून मागवताना मी एका मालवाहतूक संस्थेची खर्चाचा अंदाज काढून देणारी सेवा वापरली. पुरवठादाराचे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधीचे कच्चे बिल) आणि पॅकिंग लिस्ट पाठवली की कारखान्याच्या दारापासून आपल्या गोदामापर्यंतचा सगळा खर्च एका तक्त्यात मांडून ते देतात आणि त्यासाठी ठरावीक फी घेतात. ती फी पहिल्याच खेपेत वसूल झाली. एका बाबतीत मात्र तक्ता तोकडा पडला आणि त्याची झळ मला सोसावी लागली, म्हणून दोन्ही बाजू तपशिलाने लिहीत आहे.

पहिल्याच फोनवर त्यांनी विचारले की पुरवठादाराने भाव कोणत्या अटीवर दिला आहे. मला आलेला भाव सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडे मिळून) होता आणि त्यात भाडे व विमा धरलेला असल्यामुळे आता फक्त आयात शुल्क भरायचे उरले, अशी माझी समजूत होती. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार अटींच्या नियमांप्रमाणे सीआयएफमध्ये विक्रेता ठरलेल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि किमान विमा भरतो, मालाची जोखीम मात्र तो निघण्याच्या बंदरात जहाजावर चढताच खरेदीदाराकडे येते, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. शिवाय भाडे विक्रेत्याने ठरवलेले असले की ते कागदावर स्वस्त दिसते आणि उतरण्याच्या बंदरातला एजंट हाताळणी, कागदपत्रे, डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याचा आदेश) अशा नावांखाली तीच रक्कम खरेदीदाराकडून वसूल करू शकतो. त्यांनी मला एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च धरलेला भाव मागवायला सांगितला आणि दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडून दाखवल्या. एफओबी भाव घेऊन भाडे आपण ठरवणेच स्वस्त पडत होते.

या सेवेची खरी ताकद मोजमापात आहे. माझी ३० खोकी होती, प्रत्येक ६० × ४० × ४० सेंटिमीटर, वजन १४ किलो. पुरवठादाराने २.८८ घनमीटर लिहून दिले होते आणि हिशेब बरोबरही होता, पण काच पॅलेटवर (खोकी रचायच्या सपाट चौकटीवर) बांधूनच जाणार होती. १२० × १०० सेंटिमीटरच्या पॅलेटवर एका थरात ५ खोकी बसतात. दोन थर आणि पॅलेटची स्वतःची १५ सेंटिमीटर उंची धरली की ३ पॅलेटचे ३.४२ घनमीटर होतात. भागीदारीच्या, म्हणजे अनेकांचा माल एकत्र भरलेल्या कंटेनरमध्ये घनमीटर किंवा टन यांपैकी जो आकडा मोठा असेल त्यावर भाडे लागते, म्हणजे माल अर्ध्या टनाहून हलका असूनही मला ३.४२ चेच पैसे मोजायचे होते. ही जवळपास १९ टक्क्यांची वाढ माझ्या वहीत कुठेच नव्हती. दुसऱ्या खेपेत ५ खोकी तातडीने विमानाने आणायची होती, तेव्हाही त्यांनी आकारमान घन सेंटिमीटरमध्ये काढून त्याला ६००० ने भागले आणि १४ किलोच्या खोक्याचे भाडे १६ किलोवर लागेल, हे आधीच सांगितले.

शुल्काचा भागही तितकाच काटेकोर होता. दिव्यात विजेची जोडणी आहे का, तो सुटा विकला जातो की सुट्या भागांच्या स्वरूपात येतो, असे बारीक प्रश्न विचारून त्यांनी वर्गीकरण ठरवले, कारण काचेची शोभेची वस्तू एचएस कोडच्या (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या) ७० व्या प्रकरणात जाते आणि दिवा ९४ व्या प्रकरणात. पुढे कराचा हिशेब त्यांनी साखळीसारखा मांडला. जिथे शुल्क भाडे आणि विम्यासह किमतीवर लागते तिथे मालाची किंमत १०० आणि भाडे व विमा मिळून १९ धरले, तर १० टक्के शुल्क ११९ वर लागते आणि २० टक्के कर त्या दोहोंच्या बेरजेवर. म्हणजे मी मनाशी धरलेल्या ३० ऐवजी ३८ च्या वर रक्कम भरावी लागते. विम्याबाबतही त्यांनी वेळीच सावध केले. सीआयएफमधला किमान विमा आग, जहाज बुडणे अशा मोठ्या आपत्तींपुरता असतो, हाताळणीतली फूटतूट त्यात बसत नाही, आणि काचेच्या मालाला तीच भीती सर्वांत जास्त.

आता उणीव. पहिल्या तक्त्यात ‘साठवणूक’ या ओळीसमोर शून्य लिहिले होते. प्रत्यक्षात इन्व्हॉइसवर एकूण वजन ४२० किलो होते आणि बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजाने नेण्यासाठी घेतल्याच्या पावतीवर) पॅलेटसह ४६५ किलो, आणि एवढ्या तफावतीवरून कागदपत्रे दुरुस्त होईपर्यंत माल सहा दिवस गोदामात अडकला. साठवणुकीचे मोफत दिवस संपले आणि घनमीटरप्रमाणे रोजचे भाडे चढत गेले. त्यातच फेरतपासणीसाठी पॅलेट उघडून पुन्हा बांधण्याचा खर्च आला. वजनाची चूक पुरवठादाराची होती हे मान्य, पण दोन्ही कागद या संस्थेच्या हाती होते आणि पॅलेटचे वजन तर त्यांनीच मोजमापात धरले होते. सगळे सुरळीत होईल असे गृहीत धरून काढलेला आकडा मला अंदाजपत्रक वाटत नाही. मालाला वाटेत आणि बंदरात किती दिवस लागतील, हाही खर्चाचाच एक शीर्ष आहे आणि त्याची किंमत लिहिलीच पाहिजे. पहिल्या खेपेचा खर्च शेवटी अंदाजापेक्षा ११ टक्क्यांनी जास्त झाला.

विनिमय दराचाही असाच प्रश्न आहे. मी ३० टक्के रक्कम आगाऊ दिली, उरलेली माल निघताना दिली आणि शुल्क त्यानंतर कित्येक दिवसांनी कस्टम्सने जाहीर केलेल्या दराने भरले. तक्त्यात मात्र तिन्हींसाठी एकच दर होता, आणि मधल्या बँकेची कपात तर धरलीच नव्हती.

तक्रार केल्यावर त्यांनी सबब सांगितली नाही. दुसऱ्या खेपेच्या तक्त्यात ‘सुरळीत’ आणि ‘सात दिवसांचा विलंब’ असे दोन रकाने आले, तीन तारखांचे तीन दर आले आणि माल जहाजावर चढण्याआधी सर्व कागदांवरची वजने ताडून पाहण्याचे काम त्यांनी त्याच फीमध्ये घेतले. त्या वेळी प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या ३ टक्क्यांच्या आत राहिला. ठरलेला एकच माल पूर्ण कंटेनर भरून वर्षानुवर्षे आणणाऱ्याला या सेवेची फारशी गरज नाही. पहिल्यांदा सुटा माल मागवणाऱ्याने ती जरूर घ्यावी, मात्र विलंबाचा रकाना आणि कागदांची पडताळणी ही दोन्ही कामे फी देण्याआधीच लेखी मागून घ्यावीत, कारण मागितल्याशिवाय ते ती अजूनही देत नाहीत.